दुसऱ्याच्या ट्रॉलीत डोकावणाऱ्या कोल्हापूरकरांना खुले पत्र

सवलतीच्या सुपरमार्केटात महिन्याचा बाजार करणाऱ्या समस्त कोल्हापूरकरांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या दुकानाच्या मालकाला नाही की महापालिकेला नाही, ते तुम्हाला आहे. तुमच्यातले काही जण शिवाजी पेठेतले, काही ताराबाई पार्कातले, काही कळंब्याकडून नाहीतर फुलेवाडीकडून दुचाकीला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवून येणारे. पगार झाला की पहिल्या रविवारी आपण सगळे एकाच रांगेत उभे असतो. रांग लवकर हलत नाही, हाताला काम नसतं, म्हणून पुढच्याच्या ट्रॉलीत नजर जाते. नजर जाण्याला माझी हरकत नाही. ट्रॉली बघून आपण त्या माणसाबद्दल जे ठरवून टाकतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत या दुकानांच्या रॅकवर काय काय येऊन बसलंय ते तुम्ही बघताच. डाळी, पोहे, साबण ओलांडून पुढं गेलं की ऑलिव्ह ऑइल, चीज, खारे पिस्ते, अक्रोड, डार्क चॉकलेट, पास्ता, किवी. पूर्वी यातलं बरंचसं मोजक्याच दुकानांत, काचेच्या कपाटात असायचं आणि भाव विचारायलाही माणूस बिचकायचा. आज ते तूरडाळीपासून चार पावलांवर आहे, तेही छापील किमतीपेक्षा कमी दरात. मला याचा मनापासून आनंद होतो. का होतो, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

माझी उमेदवारी लक्ष्मीपुरीतल्या एका किराणा दुकानात झाली. मालक गादीवर, आम्ही पोरं तागडीशी आणि गिऱ्हाईक फळीच्या बाहेर. दर्शनी पोत्यांत जाडा तांदूळ, गहू, हरभरा डाळ. आजरा घनसाळ तांदूळ आतल्या खोलीत आणि काजूचे पत्र्याचे डबे अगदी वरच्या फळीवर. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच कुठला डबा उघडायचा ते ठरलेलं असायचं. पायांत काय आहे, कपडे परीटघडीचे की चुरगळलेले, पिशवी कसली, एवढ्यावर ते ठरायचं. डॉक्टरांच्या घरचं कुणी आलं की मालक मान वर करायचा, आम्ही स्टुलावर चढून डबा खाली घ्यायचो, चार काजू हातावर ठेवायचो. गगनबावड्याकडून एसटीनं आलेला एखादा म्हातारा "काजू हाईत का?" म्हणाला की त्याच्यापुढं पाकळी नाहीतर तुकडा यायचा. अख्खा काजू वर आहे, हे त्याला कुणी सांगायचंच नाही. त्याच्या कनवटीला किती पैसे आहेत, घरात लग्न आहे की जावई पहिल्यांदा येणार आहे, हे कुणी विचारलेलंही नसायचं. मालक माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला उधार द्यायचा, वहीत लिहून सहा-सहा महिने थांबायचा, आणि असलं थांबणं कुठल्याही सुपरमार्केटला जमणार नाही. पण कुणाच्या ताटात काय जावं, हे मात्र त्याच्या नजरेनं ठरायचं.

रॅकनं ही नजर मोडली. 1916 साली अमेरिकेतल्या मेंफिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं 'पिगली विगली' हे दुकान काढलं. गिऱ्हाइकानं स्वतः आत जायचं, टोपली घ्यायची, हवं ते उचलायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. तोवर तिकडंही नोकरच माल काढून द्यायचे. सॉन्डर्सचा हिशोब खर्च वाचवण्याचा होता, पण त्यातून माल आणि माणूस यांच्या मधली फळी निघून गेली. आपल्या जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात वारणा बझार उभा राहिला आणि खेड्यातल्या माणसाला मोठ्या दुकानात बिनधास्त पाय ठेवायची सवय लागली. 2002 साली पवईतून सुरू झालेल्या डी-मार्टनं आणि त्याच्यासारख्या दुकानांनी त्याला रोजच्या सवलतीची जोड दिली. आज गगनबावड्याचा तो म्हातारा असता, तर अख्ख्या काजूचं पाकीट त्यानं स्वतःच्या हातानं उचललं असतं, उलटून पालटून बघितलं असतं, परवडलं तर घेतलं असतं. लहान किराणा दुकानांचं यात काय होणार, हा प्रश्न मोठा आहे आणि मला तो जवळचा आहे. त्यावर स्वतंत्रपणेच लिहायला हवं.

अडचण अशी झाली की गादीवरची ती नजर गेली नाही. ती रांगेत येऊन उभी राहिली.

मध्यंतरी शहरातल्या अशाच एका दुकानात माझ्या पुढं एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पदर खोचलेला, ट्रॉली नाही, नुसती बास्केट. बास्केटीत तूरडाळ, शेंगतेलाची पिशवी, कपड्याचा साबण, चीज स्लाइस आणि खाऱ्या पिस्त्यांचं पाव किलोचं पाकीट. माझ्या मागं एक जोडपं होतं. त्यातल्या वहिनी बोलायला गोड होत्या, चेहऱ्यावर हसू होतं. माझ्या बाजूनं पुढं वाकून त्यांनी विचारलं, "मावशी, मॅडमनी यादी दिलीय का? बिल नीट जपून ठेवा हं, नंतर हिशोबाला घोळ होतो."

मावशी म्हणाल्या, "न्हाई ओ ताई, माझंच हाय."

वहिनी "असं होय" म्हणाल्या. आणि त्यांचे यजमान, फार हळू नाही अशा आवाजात, "रेशन फुकट मिळतंय, मग पिस्ते परवडणारच की."

बिल व्हायला लागलं. मावशींच्या मुठीत पाचशेच्या दोन नोटा होत्या. आयुष्य किराण्यात गेल्यामुळं माझी बेरीज आपोआप होते, हजारात सगळं बसत होतं. डाळ झाली, तेल झालं, साबण झाला, चीज झालं. पिस्त्यांचं पाकीट मशीनवरून फिरलं आणि मावशी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे." एकदा बिलात चढलेली वस्तू काढायला काउंटरवरच्या मुलीला सुपरवायझर लागत होता, म्हणून ती उठून ओरडली, "सर, एक आयटम कॅन्सल!" सर येईपर्यंत सगळी रांग त्या पाकिटाकडं आणि मग मावशींकडं बघत होती. मावशी काउंटरच्या कडेला लावलेल्या च्युइंगमच्या पुड्या बघत राहिल्या. मागच्या दोघांना जे सांगायचं ते मी तिथंच सांगितलं. ते गप्प बसले, पण तोवर मावशी पिशवी उचलून दाराबाहेर गेल्या होत्या.

त्या गृहस्थांच्या वाक्याबद्दल थोडं बोलतो, कारण ते मी अनेक तोंडांतून ऐकलं आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागं 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. म्हणजे गहू नाहीतर तांदूळ. माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. डाळ, तेल, भाजी, दूध, अंडं, मीठमिरची, गॅस सगळं स्वतःच्या कमाईतून. सरकारनं एवढं धान्य दिलं म्हणून त्या माणसाच्या उरलेल्या कमाईवर रांगेतल्या लोकांची देखरेख बसत नाही. शिवाय त्या मावशींकडं कुठलं कार्ड आहे, त्या कुणाकडं कामाला जातात की नाही, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. साडी बघून सगळं ठरलं होतं.

आणि त्या खरोखर चार घरची धुणीभांडी करत असतील, तरी काय? ज्या घराला फ्लॅट परवडत नाही, गाडी परवडत नाही, गोव्याची सहल परवडत नाही, त्या घराला पाव किलो पिस्ते परवडतात. नातवाचा वाढदिवस असेल. मुलीला दिवस गेले असतील. किंवा काहीच नसेल, त्यांना पिस्ते आवडत असतील. आपण डार्क चॉकलेट ट्रॉलीत टाकतो तेव्हा कारण सांगत बसतो का?

आता दुसरी बाजू. चांगली परिस्थिती असलेली माणसंही याच दुकानांत येतात, गाड्या लावायला जागा मिळत नाही. पण बोलताना "आम्ही तिथून फक्त फिनेल आणि डिटर्जंट घेतो, खायचं काही घेत नाही" असं म्हणतात. दिवाळीत काजू-बदाम याच दुकानातून येतात, घरी आल्यावर पाकिटं फोडून मखमली खोक्यांत भरले जातात आणि पाकिटं कचऱ्यात जातात. हे आपल्याकडंच होतं असंही नाही. जर्मनीची आल्डी आणि लिडल ही स्वस्त दुकानं ब्रिटनमध्ये अनुक्रमे 1990 आणि 1994 साली गेली. सुरुवातीला तिथं जाणं म्हणजे तंगीची खूण मानली जायची. पुढं 2008 च्या मंदीत मध्यमवर्ग तिकडं वळला. नाताळात त्याच दुकानांत शॅम्पेन, स्पेनचं मुरवलेलं डुकराचं मांस, गोठवलेली शेवंड असला माल स्वस्तात मिळू लागला. आणि स्वस्त दुकानातलं सामान महागड्या दुकानाच्या पिशवीत भरून घरी नेणाऱ्यांचे किस्से तिकडं अजून सांगितले जातात.

लाज वाटण्यासारखं यात काय आहे, हे मला कळत नाही, कारण भाव कमी कशामुळं होतो ते मला धंद्यातून माहीत आहे. कार्ल आणि थिओ अल्ब्रेख्त या भावांनी एसेन शहरातल्या आईच्या छोट्या दुकानातून आल्डी उभी केली. त्यांची रीत साधी होती. मोजक्याच वस्तू ठेवायच्या, एकेकीची खरेदी प्रचंड करायची, माल खोक्यातच मांडायचा, सजावटीवर पैसा घालायचा नाही. आपल्याकडं डी-मार्टनं बहुतेक दुकानं भाड्याच्या जागेऐवजी स्वतःच्या जागेत काढली आणि माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते करून त्यांच्याकडून चांगला भाव घेतला. रोख पैसे टाकणाऱ्याला दोन रुपये कमी लागतात, हे लक्ष्मीपुरीतला हमालही सांगेल. भाव भाड्यातून, व्याजातून, दिव्यांच्या झगमगाटातून कमी झालेला असतो. बदाम तोच असतो. आपल्याकडं येणारा बहुतेक बदाम कॅलिफोर्नियाचा. तो पोत्यातून स्वस्त पाकिटात जातो तसाच सोनेरी खोक्यातही जातो.

काजूचंच घ्या, कारण तो आपल्या घरचा आहे. चंदगड-आजरा भागात काजूच्या बागा आहेत आणि फोडणारे कारखानेही. अख्ख्या काजूची प्रत नंबरावर चालते. एका पौंडात, म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये, 180 पर्यंत काजू बसले तर तो 180 नंबर, सगळ्यात मोठा. 320 नंबरात पौंडाला तीनशे ते तीनशेवीस बसतात, घरोघरी बहुधा तोच येतो. त्याखाली पाकळी आणि तुकडा. चवीत फार फरक नसतो, फरक आकाराचा. 320 नंबर कुठल्याही दुकानात 320 नंबरच. मग दुकान बघून नाक कशाला मुरडायचं? नंबर बघा, तारीख बघा, वास घ्या.

स्वस्त म्हणजे नेहमीच तेवढंच चांगलं, असंही मी म्हणणार नाही. ऑलिव्ह ऑइलच्या बाटलीवर 'पोमेस' लिहिलं असेल, तर ते फळांचा चोथा राहतो त्यातून रसायन वापरून काढलेलं आणि शुद्ध केलेलं तेल. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' वेगळं आणि महाग. 'फ्रोझन डेझर्ट' म्हणजे आइस्क्रीम नव्हे, त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. 'कंपाउंड' चॉकलेटात कोकोच्या लोण्याची जागा दुसऱ्या चरबीनं घेतलेली असते. हे सगळं पाकिटावर छापलेलं असतं, बारीक अक्षरांत का होईना, आणि ते महागड्या दुकानातही तेवढंच वाचायला लागतं. रांगेत वेळ जात नसेल तर स्वतःच्या ट्रॉलीतली पाकिटं वाचावीत.

कुठलं खाणं कुणाचं, हे कायमचं ठरलेलंही नसतं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर कालवं हे गरिबाचं स्वस्त खाणं होतं. समुद्रातला साठा उपसला गेला, भाव चढले आणि तीच कालवं श्रीमंतांच्या मेजवानीत गेली. आणि आपली नाचणी? राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरउतारावर नाचणी पिकवून खाणाऱ्या माणसाला शहरात आल्यावर भाकरीचा काळपट रंग लपवावासा वाटायचा. 2023 हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं आणि आता नाचणीची बिस्किटं, नाचणीचे चिप्स चकचकीत पाकिटांतून त्याच रॅकवर आहेत. गुऱ्हाळावर हातावर मिळणारा गूळ पावडर होऊन काचेच्या बरणीत बसला. ज्यांच्या आज्यांनी हे आयुष्यभर खाल्लं, त्यांच्याच नाती आज ती बरणी उचलून भाव बघून परत ठेवतात. त्याच रांगेत त्यांनी चीज घेतलं की आपल्याला नवल वाटतं.

कोल्हापूरनं या बाबतीत तरी मागं राहू नये असं मला फार वाटतं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढं याच शहरात त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. त्यांच्या हातचा चहा कोण पिणार, हा त्या काळचा प्रश्न होता. छत्रपती स्वतः तिथं थांबून चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. महाराजांनी कायदे केले, 1902 साली नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या. पण कोण काय खातो-पितो आणि कुणाच्या देखत, यालाही त्यांनी तेवढंच महत्त्व दिलं. जात आणि पैसा या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मान्य आहे. रांगेतली नजर मात्र दोन्ही एकाच वेळी मोजते, साडीवरून, बोलीवरून, हातांच्या भेगांवरून. "न्हाई ओ" ऐकलं की तिचा हिशोब पक्का होतो.

म्हणून तुमच्याकडं माझं मागणं सरळ आहे. पुढच्याची बास्केट कुणासाठी आहे, ते विचारू नका. प्रेमानंही नको, मदत म्हणूनही नको. बोलायचंच असेल तर हे कुठल्या रॅकवर मिळालं, चांगलं निघतं का, ते विचारा. तो प्रश्न आपण डॉक्टरीणबाईंनाही विचारतो. मुलं सोबत असताना "बघ, यांना हे परवडतं" असलं काही बोलू नका, ती लगेच शिकतात. ज्यांची परिस्थिती चांगली आहे त्यांनी दिवाळीचे काजू कुठून आणले ते पाहुण्यांना सरळ सांगावं. तुम्ही बिनदिक्कत सांगितलंत, तर तिथून घेणाऱ्या दुसऱ्या कुणालाही चोरटं वाटणार नाही.

दुकानं चालवणाऱ्यांनी हे पत्र वाचलं, तर त्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सुका मेवा आणि चीज यांची लहान पाकिटं ठेवा, 50 आणि 100 ग्रॅमची, आणि काजूवर नंबर मराठीत ठळक छापा. दारावरच्या माणसाला सगळ्यांच्या पिशव्या तपासायला सांगा, नाहीतर कुणाचीच तपासू नका. नऊवारीतल्या आजीची पिशवी उघडायची आणि जीन्समधल्या मुलाला हात हलवून सोडायचं, हे बंद करा. आणि बिलातून एखादी वस्तू कमी करायची झाली, तर काउंटरवरच्या मुलीला ती स्वतःच्या हातानं, कुणाला हाक न मारता कमी करता येईल एवढी सोय त्या मशीनमध्ये करून द्या.

आपला,
लक्ष्मीपुरीत तागडी धरलेला एक कोल्हापूरकर